रुग्णालयातले मास्क: कोणता, कोणासाठी, कशापासून?

रानजाई

नमस्कार मंडळी,

गेली बरीच वर्षं मी सरकारी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. आधी ऑपरेशन थिएटरला होते, आता छातीरोग विभागात. २ एप्रिल २०२२ ला, पाडव्याच्या दिवशी, राज्यातली मास्कसक्ती उठली आणि बहुतेकांनी घरातले उरलेसुरले मास्क टाकून दिले. वॉर्डातलं आमचं काम करोनाच्या आधीही मास्कशिवाय होत नव्हतं, आताही होत नाही.

मला एक गोष्ट फार लागते. दवाखान्यात आपण माणसाच्या तोंडावर काहीतरी बांधतो, नाहीतर त्याला बांधायला लावतो, पण ते कोणासाठी आणि कशापासून, हे दोन वाक्यांत सांगायला थांबत नाही. ‘मास्क लावा’ म्हणायचं आणि पुढच्या खाटेकडे जायचं. मग नातेवाईक आपापल्या परीने अर्थ लावतात.

परवाचंच सांगते. टीबीचे एक आजोबा दाखल झाले, थुंकीच्या तपासणीत जंतू सापडलेले. मुलाने मेडिकलमधून सगळ्यांत महाग मास्क आणला, पुढे गोल व्हॉल्व्ह असलेला, आणि वडिलांना लावला. स्वतः साधा निळा मास्क नाकाखाली ओढून उशाशी बसला होता. चांगली वस्तू वडिलांना, ही त्याची माया. पण तो व्हॉल्व्ह श्वास सोडताना उघडतो आणि आतली हवा न गाळता बाहेर टाकतो. ज्यांच्या खोकल्यातून जंतू येत होते त्यांनाच असा मास्क घातला होता. खरं तर उलट हवं होतं: आजोबांना साधा तीन पदरी आणि मुलाला बिनव्हॉल्व्हचा एन-९५. केंद्राच्या आरोग्य खात्याने जुलै २०२० मध्ये व्हॉल्व्हच्या मास्कबद्दल राज्यांना पत्र पाठवलं होतं, तरी दुकानात तो अजून ‘भारीतला’ म्हणूनच विकला जातो.

थोडक्यात फरक असा. साधा सर्जिकल मास्क घालणाऱ्याच्या तोंडातून उडणारे थेंब अडवायला आहे. तो कडेने उघडा असतो, त्यामुळे हवेत तरंगणाऱ्या बारीक कणांपासून घालणाऱ्याला पुरतं संरक्षण देत नाही. एन-९५ चेहऱ्याला सगळीकडून चिकटून बसतो आणि आत येणारी हवा गाळतो, म्हणून तो निरोग्याने घालायचा. दोन्ही चांगलेच आहेत, त्यांची कामं वेगळी आहेत.

पण मास्क म्हणजे फक्त हे दोन नाहीत. ऑक्सिजनचा मास्क आहे, भूल देतानाचा आहे, बायपॅपचा (हवेच्या दाबाने श्वासाला आधार देणाऱ्या यंत्राचा) आहे, कॅन्सरच्या लाईटसाठी (रेडिएशनसाठी) चेहऱ्यावर बसवतात तो जाळीचा आहे. यांतला प्रत्येक मास्क पहिल्यांदा तोंडावर येतो तेव्हा माणूस घाबरतो. इथे वैद्यकीय क्षेत्रातले बरेच जण आहेत, रुग्णांचं करणारेही आहेत. आपापल्या मास्कबद्दल लिहा. दवाखान्याच्या गडबडीत जे सांगायचं राहतं ते इथे तरी नोंदलं जावं.

चाफेकळी

फार गरजेचा धागा. सासूबाईंना ऑक्सिजन लावला होता तेव्हा सतत मास्क काढून टाकायच्या आणि आम्ही सतत रागवायचो. त्यावर नक्की लिहा. वाचते आहे.

सूतगिरणी

मी इचलकरंजीत कापड उद्योगात आहे. २०२० मध्ये आमच्या भागात पुष्कळांनी मास्कचं काम घेतलं होतं, तेव्हा यातलं तंत्र जवळून पाहिलं. थोडी भर घालतो.

तीन पदरी मास्कचे बाहेरचे दोन पदर स्पनबॉन्ड नावाच्या न विणलेल्या कापडाचे असतात. ते आकार आणि मजबुती देतात. खरं काम मधल्या मेल्टब्लोन पदराचं. पॉलिप्रॉपिलीन हे प्लॅस्टिक वितळवून गरम हवेच्या झोताने त्याचे अतिशय बारीक तंतू उडवतात आणि ते एकमेकांवर पडून चादर तयार होते. त्यात ना ताणा ना बाणा. लोकांना वाटतं की भोकं लहान म्हणून कण अडकतात, चाळणीसारखे. तसं होत नाही. मोठे कण हवेबरोबर वळू शकत नाहीत आणि सरळ जाऊन तंतूवर आपटतात. अगदी बारीक कण हवेत इकडेतिकडे भरकटत तंतूला चिकटतात. मधल्या आकाराचे, ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे, पकडायला सगळ्यांत अवघड. म्हणून एन-९५ ची चाचणी तेवढ्याच आकारावर घेतात आणि किमान ९५ टक्के अडवावेत असा निकष आहे. त्याहून लहान कण उलट जास्त अडतात.

शिवाय त्या पदरावर कायमचा विद्युतभार चढवलेला असतो आणि तो कणांना ओढून घेतो. टेनेसी विद्यापीठातले पीटर त्साय यांचं यातलं काम मोठं आहे. या भारामुळेच इतक्या पातळ पदरातून श्वासही घेता येतो आणि गाळणंही होतं. साबणाने धुतला किंवा सॅनिटायझर फवारला की हा भार जातो. मास्क डोळ्यांना आधीसारखाच दिसतो, पण गाळण्याची ताकद घटलेली असते. करोनात घराघरांत दोरीवर वाळत घातलेले एन-९५ पाहिले की जीव हळहळायचा.

घेताना भारतीय मानक पाहा. सर्जिकल मास्कसाठी आयएस १६२८९, आणि एन-९५ च्या जोडीच्या एफएफपी-२ साठी आयएस ९४७३.

पाटील_जळगाव

ताई, तुमचा धागा अगदी वेळेवर आला. माझ्या मोठ्या भावाला टीबी निघालाय. औषधं सुरू होऊन थोडेच दिवस झालेत. घरात आई आहे आणि माझी दोन लहान मुलं. भावाने चोवीस तास मास्क लावायचा का? आम्ही सगळ्यांनी एन-९५ आणायचे का? त्याची ताटवाटी वेगळी केली आहे. शेजारी तर म्हणतात त्याला शेतातल्या खोलीवर ठेवा. १९९४ मध्ये सुरतेत प्लेग आला तेव्हा तिकडून पळालेली माणसं तोंडाला रुमाल बांधून आमच्या स्टेशनवर उतरायची. मी लहान होतो, पण ती भीती आठवते. भावाला त्या नजरेने बघावं लागू नये असं वाटतं.

रानजाई

पाटीलदादा, भावाला शेतावर पाठवू नका. टीबी हवेतून पसरतो. ताटवाटी, कपडे, अंथरूण यांतून नाही. भांडी वेगळी करून उपयोग काही नाही, भावाचं मन मात्र मोडतं.

भावाने साधा तीन पदरी मास्क लावायचा. घरात माणसं जवळ असताना, गाडीत, दवाखान्यात. एकटा अंगणात बसला असेल किंवा झोपला असेल तर काढू दे. खोलीच्या समोरासमोरच्या खिडक्या दिवसभर उघड्या ठेवा, वारा खेळता राहू दे. हे मास्कइतकंच महत्त्वाचं आहे. शक्यतो तो वेगळ्या खोलीत झोपू दे. औषध लागू पडलं की संसर्ग झपाट्याने कमी होतो. साधारण दोन आठवड्यांचा हिशेब धरतात, पण त्याच्या बाबतीत मास्क कधी सोडायचा ते डॉक्टर सांगतील. टीबी औषधांना दाद न देणारा असेल तर हा हिशेब लागू नाही.

साध्या मास्कने काय होणार, असं भावाला वाटत असेल तर त्याला हे सांगा. दक्षिण आफ्रिकेत एका रुग्णालयात औषधांना दाद न देणाऱ्या टीबीच्या रुग्णांवर अभ्यास झाला, २०१२ साली प्रसिद्ध झाला. वॉर्डातली हवा नळीतून गिनीपिगांच्या दोन खोल्यांत सोडत होते, प्रत्येक खोलीत ९० प्राणी. रुग्णांनी एक दिवस सर्जिकल मास्क लावायचा, दुसऱ्या दिवशी नाही. बिनमास्कच्या दिवसांची हवा घेतलेल्या ९० पैकी ६९ प्राण्यांना संसर्ग झाला. मास्कच्या दिवसांच्या हवेत ३६ जणांना. म्हणजे तो तीन पदरी मास्क जवळजवळ निम्मा संसर्ग थांबवतो. आणि पूर्ण थांबवत नाही, हेही त्यातूनच कळतं. म्हणून खिडक्या, म्हणून औषध.

तुम्हा सगळ्यांना घरात एन-९५ घालून वावरायची गरज नाही, आणि तसं कोणी दिवसभर घालूही शकत नाही. तुम्ही करायचं ते वेगळंच: आई, तुम्ही, घरातली सगळी माणसं आणि दोन्ही मुलं, सर्वांची तपासणी. टीबी नाही असं नक्की झालं की प्रतिबंधक औषध मिळतं. लहान मुलांसाठी ते मास्कपेक्षा मोलाचं आहे, ते टाळू नका.

जुनी_पाने

प्लेगचा विषय निघालाच आहे तर मास्कच्या इतिहासातला माझ्या मते सगळ्यांत मोठा प्रसंग लिहितो.

शस्त्रक्रियेतला मास्क १८९७ चा. तेव्हाच्या जर्मनीतल्या ब्रेस्लाऊमध्ये मिकुलिच आणि पॅरिसमध्ये बेर्जे या दोन सर्जननी तो त्याच वर्षी वापरायला सुरुवात केली. बोलताना तोंडातून उडणाऱ्या थेंबांत जंतू असतात हे ब्रेस्लाऊमध्येच फ्लुग्गे यांनी दाखवलं होतं. म्हणजे जखमेला डॉक्टरापासून जपायला तो आला. हवेतल्या रोगापासून माणसाला जपायला मास्क हवा, हे मोठ्या प्रमाणावर सिद्ध झालं ईशान्य चीनमधल्या मांचुरियात, हार्बिन शहरात, १९१०-११ च्या हिवाळ्यात.

मांचुरियात प्लेग पसरत होता आणि माणसं दोनतीन दिवसांत रक्ताची थुंकी टाकून मरत होती. चीन सरकारने वू लिएन-तेह यांना पाठवलं. वय ३१, जन्म पेनांगचा, शिक्षण केंब्रिजचं. त्यांनी एका मृत स्त्रीचं गुपचूप विच्छेदन करून नमुने तपासले आणि निष्कर्ष काढला की हा फुफ्फुसाचा प्लेग आहे, माणसाकडून माणसाला श्वासातून होतो.

इथे मुंबईचा संबंध येतो. १८९६ पासून मुंबईत जो प्लेग होता तो गाठीचा. उंदीर आणि उंदरावरच्या पिसवा तो पसरवतात हे परळच्या प्रयोगशाळेत प्लेग आयोगाने पक्कं करून दाखवलं होतं. जगभरचे डॉक्टर तेच शिकून तयार झालेले. मुंबईसाठी ते ज्ञान अचूक होतं. पण हार्बिनमध्ये उंदरांत प्लेगच सापडेना. वूंनी गॉजच्या घडीत कापसाचा थर घालून, टोकं फाडून डोक्यामागे बांधता येईल असा मास्क बनवला आणि डॉक्टर, शिपाई, प्रेतं उचलणारे, सगळ्यांना घालायला लावला. मेस्नी नावाचे ज्येष्ठ फ्रेंच डॉक्टर तिथे आले होते. त्यांना या तरुणाचं म्हणणं पटलं नाही. ते मास्क न घालता रुग्ण तपासायला गेले आणि काही दिवसांतच प्लेगने वारले. त्यानंतर शहरात मास्कला कोणी नाही म्हटलं नाही.

सुमारे ६०,००० माणसं त्या साथीत गेली. मार्च १९११ पर्यंत ती आटोक्यात आली. फक्त मास्कने नव्हे. अलगीकरण, रेल्वेवरची बंदी, गोठलेल्या जमिनीत पुरता न येणाऱ्या प्रेतांचं दहन, हे सगळं मिळून. तरी रानजाई विचारतात तो प्रश्न, कशापासून, हा मेस्नींच्या बाबतीत अक्षरशः जिवावरचा होता.

श्वासवाट

मी भूलतज्ज्ञ आहे, लहान शहरात. आमचा मास्क कोणाला फारसा आठवत नाही, कारण तो लागल्यावर थोड्याच वेळात झोप लागते.

टेबलावर घेतल्यावर आम्ही तोंडावर पारदर्शक मास्क धरतो. जवळजवळ सगळ्यांना वाटतं की यातून भुलीचा वायू येतोय आणि आता गुदमरणार. मोठ्या माणसांत बहुधा तसं नसतं. सुरुवातीला त्यातून निव्वळ ऑक्सिजन येत असतो आणि भुलीचं औषध हाताच्या शिरेतून जातं. तीनएक मिनिटं शुद्ध ऑक्सिजन घेतला की फुफ्फुसात त्याचा साठा होतो. झोप लागल्यावर श्वासनलिकेत नळी घालेपर्यंत रुग्णाचा श्वास थांबलेला असतो, तेव्हा हा साठा जीव राखतो. म्हणून मास्क घट्ट धरावा लागतो. फट राहिली तर खोलीतली हवा मिसळते आणि साठा अपुरा पडतो. मी हे प्रत्येकाला मास्क लावण्याआधी सांगते, आणि पहिले चार श्वास त्यांच्याच हातात मास्क देते. घाबरलेला माणूस स्वतःच्या हाताने धरतो तेव्हा श्वास लांब घेतो.

लहान मुलांचं वेगळं. त्यांना सुई आधी लावता येत नाही, म्हणून भुलीचं औषध मास्कमधूनच देतो. काही मास्कना स्ट्रॉबेरीसारखा वास असतो. आई-वडिलांना विनंती: घरी आदल्या दिवशी वाटी नाकावर धरून फुगा फुगवायचा खेळ खेळून या. आणि ‘काही करणार नाहीत’ असं खोटं सांगू नका. मुलं ते लक्षात ठेवतात आणि पुढच्या वेळी कोणाचंच ऐकत नाहीत.

दाढी आणि कवळी या दोन गोष्टी विचारल्यावाचून सांगा. दाट दाढीवर मास्क नीट बसत नाही, हवा कडेने सुटते. कवळी काढलेली असेल तर गाल आत जातात आणि पुन्हा तेच. सुटी कवळी भुलीत काढावीच लागते, पण आम्हाला आधी माहीत हवं.

मोगरा७७

लाईटच्या मास्कबद्दल मी लिहू शकते. माझ्या दिरांना तंबाखूमुळे जिभेचा कॅन्सर झाला. ऑपरेशननंतर सहा आठवडे रेडिएशन होतं, मुंबईत.

पहिल्या दिवशी आम्हाला फक्त एवढं सांगितलं की ‘मोल्ड रूमला जा, मास्क बनवायचा आहे’. दिरांना वाटलं करोनासारखा मास्क, खिशातून काढून लावलासुद्धा. आत गेल्यावर टेबलावर झोपवलं, मानेखाली आधार दिला. बाजूला गरम पाण्याचा मोठा ट्रे. त्यात पांढऱ्या प्लॅस्टिकची चौकटीत बसवलेली शीट टाकली, बारीक भोकंभोकं असलेली. ती मऊ होऊन पारदर्शक झाली तशी दोघांनी उचलली, पाणी निथळलं, आणि एकदम चेहऱ्यावरून खांद्यापर्यंत ताणून खाली चौकटीत अडकवली. मी काचेतून पाहत होते. दिरांची दोन्ही पावलं ताठ झाली. टेक्निशियनने नाकाच्या दांड्यावर, हनुवटीखाली बोटं दाबून आकार घेतला. काही मिनिटांत ती शीट थंड होऊन कडक झाली. चेहरा जसाच्या तसा उमटला होता, गालावरच्या टाक्यांच्या उंचवट्यासकट.

बाहेर आल्यावर ते म्हणाले, ‘वहिनी, मला ओरडताही आलं नसतं.’ दुसऱ्या दिवशी यायला नको म्हणत होते. शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या एका काकांनी, त्यांचे उपचार संपत आले होते, शांतपणे सगळं समजावलं. भोकांतून श्वास घेता येतो, हात मोकळे असतात, हात वर केला की मशीन थांबवून आत येतात. एवढं कळल्यावर दीर गेले. जे काकांनी सांगितलं ते आम्हाला मोल्ड रूमच्या दारात का मिळू नये?

किरण_आरटी

मोगराताई, मी रेडिएशन टेक्नॉलॉजिस्ट आहे. तुम्ही म्हणता ते अगदी खरं. दिवसाला इतके रुग्ण असतात की पाच मिनिटं बोलायचं राहून जातं, पण ती पाच मिनिटं दिली की पुढचे सगळे दिवस सोपे जातात.

तो मास्क का लागतो ते लिहितो. मान-डोक्याच्या भागात गाठीपासून काही मिलिमीटरवर मज्जारज्जू, डोळ्याची नस, लाळग्रंथी असतात. रोज त्याच जागी, त्याच कोनात डोकं राहायला हवं. म्हणून शीट साधारण ७० अंशाच्या पाण्यात मऊ करून त्या माणसाच्या मापाची घेतो. निशाण्याही मास्कवरच काढतो, त्यामुळे चेहऱ्यावर शाईच्या रेघा घेऊन गावात फिरावं लागत नाही. सीटी स्कॅनही त्याच मास्कमध्ये होतो.

घरच्यांनी दोन गोष्टी पाहाव्यात. तोंड सोलवटल्याने खाणं कमी होतं, वजन उतरतं आणि मास्क सैल होतो. ‘आता सुखाचं वाटतंय, आवळत नाही’ असं रुग्ण म्हणाला तर ते लगेच आम्हाला सांगा, मास्क नवा करावा लागू शकतो. आणि दाढी, केस ज्या स्थितीत माप घेतलं त्याच स्थितीत ठेवा. मध्येच दाढी वाढवली तर फरक पडतो. मास्क काढल्यावर गालावर जाळीचे वळ दिसतात, ते थोड्या वेळात जातात. ज्यांना बंद जागेची फार भीती आहे त्यांनी पहिल्याच दिवशी बोलावं. काही वेळा डोळ्यांपुढचा भाग कापून मोकळा करता येतो.

तर्कसंगत

विषय चांगला आहे, पण एक शंका राहते. २०२३ च्या कॉक्रेन (वैद्यकीय प्रयोग एकत्र तपासणारी संस्था) आढाव्यात मास्कने समाजात फारसा फरक पडत नाही असं आलं होतं ना? आणि थिएटरमध्येही मास्कचा उपयोग सिद्ध झालेला नाही असं वाचलं आहे. मग आग्रह कशासाठी?

श्वासवाट

शंका रास्त आहे.

थिएटरबद्दल तुम्ही वाचलंत ते खरं आहे. १९९१ मध्ये स्वीडनमधल्या एका रुग्णालयाचा अभ्यास आला. ३,०८८ शस्त्रक्रिया. काही आठवडे सगळ्यांनी मास्क घालायचे, काही आठवडे कोणीच नाही. जखमेत संसर्ग मास्क असताना ४.७ टक्के, नसताना ३.५ टक्के. हा फरक योगायोगाचाही असू शकतो. म्हणजे साध्या शस्त्रक्रियांत जखमेचा संसर्ग मास्कने कमी झाल्याचं दिसलं नाही. पण सांधेबदलासारख्या शस्त्रक्रियांना हा निष्कर्ष तसाच लावता येत नाही. आणि आज सर्जनच्या तोंडावरचा मास्क रक्ताच्या चिळकांडीपासून त्याचंही रक्षण करतो. हिपॅटायटिस आणि एचआयव्हीच्या काळात हे कारण लहान नाही.

कॉक्रेनचं म्हणाल तर त्यात ‘लोकांना मास्क वापरायला सांगितलं तर’ काय झालं अशा प्रयोगांचा मेळ आहे. पुष्कळ प्रयोगांत लोकांनी ते नीट वापरलेच नव्हते. ‘मास्क काम करत नाहीत’ असा अर्थ काढणं चुकीचं आहे, असं कॉक्रेनच्या मुख्य संपादकांनी मार्च २०२३ मध्ये स्वतः स्पष्ट केलं. बांगलादेशातला प्रयोग मला जास्त बोलका वाटतो. ६०० गावं, साडेतीन लाखांच्या आसपास प्रौढ माणसं. फुकट मास्क, समजावणं आणि गावातल्या मान्यवरांचा पुढाकार एवढ्याने नीट मास्क वापरणारे १३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेले. सर्जिकल मास्क दिलेल्या गावांत लक्षणांसह करोना सिद्ध होणारे सुमारे ११ टक्क्यांनी घटले, साठीपुढच्यांत ३५ टक्क्यांनी. कापडी मास्कचा फायदा तेवढा स्पष्ट दिसला नाही. अर्ध्याहून जास्त लोक मास्क न वापरताही एवढं झालं.

वऱ्हाडी_शेतकरी

दवाखान्याच्या बाहेरची गोष्ट आहे, पण मांडतो. २०१७ मध्ये आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली. शेकडो जण दवाखान्यात भरती होते. त्यानंतर गावोगाव मास्क वाटले. बहुतेक साधे कापडी नाहीतर निळे. आमची माणसं ते नाहीतर दुपट्टा बांधून फवारणी करतात आणि समजतात आपण सुरक्षित. सप्टेंबरच्या उकाड्यात दुपट्टा घामाने आणि औषधाने भिजून तोंडाला चिकटून राहतो. कोणता मास्क घ्यावा लागते, कोणी सांगेल काय?

सूतगिरणी

दादा, भिजलेला दुपट्टा तर घातकच. औषध शोषून घेतो आणि तासन्‌तास नाकातोंडापाशी धरून ठेवतो. एन-९५ बारीक तुषार अडवतो पण वाफ अडवत नाही, तिच्यासाठी सक्रिय कोळसा भरलेला डबा लागतो. रबरी अर्धमुखी मास्क मिळतो, त्याला दोन बाजूंना बदलता येणारे डबे असतात. सेंद्रिय वाफ आणि कण, दोन्हींसाठीचा मागून घ्या. वास यायला लागला की डबा बदलायचा. पण फवारणीचं विष मोठ्या प्रमाणात कातडीतून जातं. हातमोजे, पूर्ण बाह्या, वाऱ्याच्या दिशेने फवारणं आणि काम झाल्यावर लगेच आंघोळ, यावाचून नुसता मास्क पुरत नाही.

हेमांगी_पुणे

माझ्या आईला ऐकू येत नाही, ती ओठ वाचते. सगळ्यांनी मास्क घातलेल्या दवाखान्यात ती एकदम परकी होते. डॉक्टर मास्कआडून मोठ्याने बोलतात, त्याने काहीच साधत नाही. एका सिस्टरने मात्र खिशातली वही काढून लिहिलं, ‘आता रक्त घेणार आहे, थोडं दुखेल.’ आई हसली. एवढं पुरतं. पारदर्शक खिडकीचे मास्क मिळतात, त्यांवर वाफ धरते, तरी कानाच्या ओपीडीत तरी असावेत. इबोलाच्या साथीत लायबेरियात कर्मचाऱ्यांनी संरक्षक पोशाखावर स्वतःचे हसरे फोटो चिकटवले होते. करोनात आपल्याकडेही काहींनी केलं. ती पद्धत बंद का पडावी?

रानजाई

हेमांगीताई, वहीची गोष्ट उद्याच वॉर्डात सांगते.

चाफेकळी, आता ऑक्सिजनकडे येते. सासूबाई मास्क काढायच्या कारण तो कोरडा, गरम आणि आवाज करणारा असतो, तहान लागते, बोललेलं कोणाला कळत नाही. रागवून फरक पडत नाही. खाण्यापिण्याच्या वेळेला नाकातली नळी लावता येते का ते विचारा. ओठ कोरडे पडले तर पाण्यात भिजवलेला गॉज फिरवा किंवा पाण्यावर आधारलेलं मलम लावा. व्हॅसलीन किंवा तेल नको, ऑक्सिजनजवळ पेट्रोलियमचे पदार्थ पेटण्याचा धोका असतो. आणि देवाची उदबत्तीही त्या खोलीत नको.

घरच्यांनी ओळखाव्यात अशा काही खुणा. साध्या ऑक्सिजन मास्कला मिनिटाला किमान ५ लिटरचा प्रवाह लागतो. त्याखाली गेलं तर सोडलेली हवाच परत आत जाते. ‘सिलिंडर पुरवायचा’ म्हणून कोणी तो २ वर आणून ठेवतं, ते करू नका. २ लिटर पुरत असेल तर नाकातली नळी लावायची. पिशवी असलेल्या मास्कची पिशवी नेहमी फुगलेली दिसली पाहिजे, श्वास घेताना ती पार चपटी होत असेल तर सिस्टरला हाक मारा. रंगीत तोटीचा मास्क दिसला तर तो व्हेंच्युरी, म्हणजे ठरावीक टक्के ऑक्सिजन देणारा. निळी तोटी २४ टक्के, पांढरी २८, आणि पुढे वाढत जाऊन हिरवी ६०. जुन्या दम्याच्या, चुलीच्या धुराने फुफ्फुसं खराब झालेल्या बायकांना हाच मोजून लावतात, कारण त्यांना जास्त ऑक्सिजनही मानवत नाही. त्यांच्या रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण ८८ ते ९२ टक्क्यांमध्येच ठेवायचं असतं. घरच्यांना ९८ दिसावं असं वाटतं आणि ते मागून बटण वाढवतात. कृपा करून वाढवू नका.

बायपॅपचा मास्क पट्ट्यांनी घट्ट बांधतात, नाकाच्या दांड्यावर जखम होते. लालसर दिसताच सांगा, त्याखाली लावायची खास पट्टी असते. आणि हवा कडेने थोडी सुटत असेल तर पट्टे आवळत बसू नका, मास्कचं माप चुकलेलं असू शकतं. कवळी असेल तर शुद्धीवरच्या रुग्णाला बायपॅपच्या वेळी ती घालू द्यावी का ते विचारा, त्याने मास्क चांगला बसतो.

मेपलची_सई

मी टोरांटोत नर्स आहे. इथे एन-९५ हातात देण्याआधी फिट टेस्ट होते. डोक्यावर पारदर्शक टोपडं घालतात आणि त्यात गोड किंवा कडू द्रावणाचा फवारा सोडतात. मास्क घालून मान हलवायची, वाकायचं, मोठ्याने उतारा वाचायचा. जिभेला चव लागली तर तो मास्क तुमच्यासाठी नाही, दुसरं माप घ्या. मला दोन मॉडेलमधून चव आली, तिसरा बसला. तेव्हा कळलं की पुण्यात काम करताना ज्याला मी एन-९५ म्हणून निर्धास्त घालत होते तो बहुधा गालापाशी गळत होता. कानात अडकवायच्या दोऱ्यांपेक्षा डोक्यामागून जाणारे दोन पट्टे जास्त घट्ट बसतात. टेस्टची सोय नसेल तर निदान रोज घातल्यावर दोन्ही हात मास्कवर ठेवून जोराने श्वास सोडा. डोळ्यांकडे किंवा गालावर हवा लागली तर नाकपट्टी परत दाबा.

दाढीचा प्रश्न इथेही आहे. ब्रिटनमधल्या शीख डॉक्टरांनी दाढीवर लवचीक पट्टा बांधून त्यावर मास्क बसवायची ‘सिंग ठाठा’ पद्धत आणली. कोणाला धर्मापोटी दाढी ठेवायची असेल तर ती पाहण्यासारखी आहे.

पाटील_जळगाव

ताई, सगळ्यांचे प्रतिसाद भावाला वाचून दाखवले. गिनीपिगांचं ऐकल्यावर त्याने स्वतःच मास्क मागितला. ताटवाटी परत एकत्र केली, आईला फार बरं वाटलं. सोमवारी आम्ही सगळे तपासणीला जातोय. मुलांना काही घेऊन जायचं का?

रानजाई

भावाचा निक्षय नंबर (टीबीच्या सरकारी नोंदणीचा क्रमांक) आणि त्याच्या औषधाचं कार्ड न्या. मुलांचं वजन तिथे करून घ्याच, प्रतिबंधक औषधाचा डोस वजनावर ठरतो. धाकट्याला गेल्या काही दिवसांत ताप, खोकला असेल किंवा वजन वाढत नसेल तर ते आधी सांगा, म्हणजे एक्स-रे त्याच दिवशी होईल. आणि भाऊ बरोबर येणार असेल तर तीन पदरी मास्क, गाडीच्या काचा खाली.